तांब्याच्या हंड्यातले मासे

साल दोन हजार पंचवीस, मला अठ्ठ्याहत्तरावं लागलेलं. जाळं सुकवत होतो, तेव्हा फोन आला... रेखा गेली. माझ्या धाकट्या भावाची मुलगी, कॉलेजात मास्तरीण. झोपेतच हृदय थांबलं म्हणे. मी फोन करणाऱ्यालाच रागावलो. म्हटलं, नीट विचार पुन्हा.

मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण तिचं काम मला कळत होतं. गावाखाली नाल्याकाठी शिसं काढायला जुन्या बॅटऱ्या फोडतात. नाल्याचं पाणी तापीत येतं आणि तिथले मासे आम्हीच खातो. ती सांगायची, एक नस दुसरीला निरोप देते. निरोप पोचला की तो पुसून टाकायला अंगात एक एन्झाइम असतं. शिशासारखा धातू त्याला चिकटला की पुसणं मंदावतं. नाल्याखालच्या माशांत तसं होतंय का, हे तिला बघायचं होतं. ताडून बघायला वरच्या डोहातले चांगले मासेही लागत. दोन्ही मीच पोचवायचो.

पहिल्या खेपेला खालचे मासे बादलीत नेले. वरच्यांसाठी, तिच्या कामाचा मान म्हणून, पाहुणे आले की काढतो तो तांब्याचा हंडा घासून घेतला. आठवड्यानं ती दारात उभी, खालच्यांपेक्षा वरच्याच माशांत बिघाड जास्त निघाला होता.

"काका, वरला मासाच जास्ती बिघडेल शेतस. कशामा आनात तुम्ही?"

हंडा दाखवला, तर तांबंही धातूच म्हणत कपाळाला हात लावून ओट्यावर बसली.

"तांबानंच पानी पीसन मन्हा बाप नव्वदनी वर जगना," मी म्हटलं.

"मानूस तांबामाधलं पानी पेस, काका. मासा त्यामाच श्वास लेस."

ती हसत होती, म्हणून मी आणखीच फुगलो. शेवटी सोमवारी प्लास्टिकच्या टबांत नवे मासे न्यायचं ठरलं... शनिवारी ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर कॉलेजात गेलो. तिच्या विभागाचे सर भला माणूस, चहा पाजला. म्हणाले, "बाबा, मॅडम गेल्या. आता तो प्रयोग बंद."

"मग खालचा मासा खायचा का नाही?"

"ते आता कसं सांगणार?"

म्हटलं, बॅटऱ्या फोडणं बंद नाही, आमचं खाणं बंद नाही, बघणं तेवढं बंद? परतताना जीपमध्ये मी एकटाच बडबडत होतो. रेखावरही चिडलो. एवढी कसली घाई होती तिला...

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोन्ही जागी जाळं टाकलं. टबांना वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधल्या आणि पहिल्या जीपनं कॉलेज गाठलं. शिपाई म्हणाला, सर उशिरा येतात. म्हटलं, येऊ दे. व्हरांड्यात बसलो आणि मासे मरू नयेत म्हणून हातानं पाणी ढवळत राहिलो.