पदराचा शेक

आता काय सांगू, माझ्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही! घसा फोडून सांगत होते, इथं दक्षिणेत, आमच्या अंबत्तूरच्या बिल्डिंगमध्ये डोळ्यांची साथ आणली ती तळमजल्यावरच्या देशपांडीणबाईंनी. पहिले डोळे आले कुणाचे? त्यांचेच ना?

मला घाई होती. शनिवारी सुनेचं पहिलं संक्रांतीचं हळदीकुंकू. पुण्याहून हलव्याचे दागिने आलेले, आणि इथल्या दमट हवेत ते रोज जास्तच चिकट व्हायला लागलेले. पुढे ढकललं असतं तर सुनेच्या गळ्यात पाकच घालावा लागला असता!

तेवढ्यात आरोग्य केंद्रातली सेल्वी आली. हातात हा एवढा कागद! ज्याचे डोळे आले त्याचा गोल, जो ज्याला भेटला त्याची रेघ.

"अम्मा, सगळ्यांत जास्त रेघा ज्याच्या, त्याला घरात बसवायचं. मग साथ थांबते. नाहीतर शनिवारचा कार्यक्रम बंद."

"काढ रेघा, मी सांगते!" चौथी शिकलेय मी, पण बिल्डिंगची खबर माझ्याइतकी कुणाला?

"देशपांडे अम्मांकडे कोण गेलं?"

"मीच. पदराचा बोळा केला, तोंडाची वाफ दिली, डोळा शेकला."

रेघ.

"मग?"

"मग वरच्या मामींचा शेकला. मग त्यांच्या दोन्ही नातवंडांचे. मग वॉचमनचा."

"पदर तोच?"

"मऊ सुती साडी एकच आहे बाई. डोळ्याला काय नायलॉन लावू?"

रेघ, रेघ, रेघ! मला वाटलं, पोरगी माझी सेवा लिहून घेतेय. मी म्हटलं, "माझा गोल जरा मोठा काढ गं!"

सून मागून हळूच म्हणाली, "आई, तुमचापण डोळा लाल दिसतोय..."

"मिरच्या कुटल्यात मी सकाळी! गप्प बस."

सेल्वीनं कागद माझ्यासमोर धरला. देशपांडीणबाईंच्या गोलातून एकच रेघ निघत होती. माझ्याकडे. आणि माझ्यातून? अख्खी बिल्डिंग!

शनिवारी हळदीकुंकू झालं, दागिनेही टिकले. मी मात्र आतल्या खोलीत, काळा चष्मा लावून, दार बंद! बाहेर देशपांडीणबाई सगळ्यांच्या आधी हजर, ठणठणीत बऱ्या होऊन. आल्या आल्या विचारतात कशा,

"काय गं सूनबाई, शेवटी साथ पसरवली कुणी?"

आमच्यात सून सासूचं नाव तोंडानं घेत नाही हो! पण हिनं घेतलं. भरल्या घरात, दाराच्या आत मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं:

"सौभाग्यवती शेवंताबाई महादू जाधव!"