अटेन्शन आत्या आणि मास्तरांची खुर्ची

आमच्या घराण्यात सध्या एक बातमी तोंडोतोंडी फिरते आहे, की आत्यानं मास्तरकाकांच्या खुर्चीत जिवंत बेडूक कोंबला आणि वरून शिवून टाकलं. धाकटी पिल्लावळ तर शपथेवर सांगते, की रेक्झिनखाली काहीतरी टुणकन उडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. दूरच्या एका मावशीनं मुद्दाम फोन करून विचारलं, "काय गं, मेला असेल ना एव्हाना?"

कोणी मेलेलं नाही. बेडूक नव्हताच. आत्याला बेडकांची दया येते. माणसांचं मात्र खात्रीनं सांगता येत नाही.

आत्या जुने सोफे आणि खुर्च्या नव्यानं मढवून देते. अर्धं वर केलेलं शटर, आत पोट फाडून ठेवलेले सोफे, काथ्या, फोम, सुतळीची रिळं, आणि मधोमध बैठकीवर मांडी ठोकून हातोडी चालवणारी आत्या. कामाच्या वेळी बारीक खिळे तिच्या तोंडात असतात, त्यामुळे ती ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून बोलते. आता इतकी सवय झाली आहे, की तोंड रिकामं असलं तरी शब्द त्याच फटीतून येतात, आणि फटीत मावतील तेवढेच येतात. "हं." "ठेव तिकडे." "बघते." नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, बाई रागावली. बाई रागावलेली नसते. रागावली की ती पूर्ण वाक्यं बोलते.

मोठ्या सुट्टीत सगळं गोत मास्तरकाकांच्या घरी जमतं. ते आत्याचे चुलतभाऊ, सगळ्या भावंडांत थोरले. गाडी शिकवायची शाळा चालवतात म्हणून मास्तर. त्यांचं घरातलं बोलणंसुद्धा शिकाऊ गाडीतलं. काकू आमटीचं पातेलं घेऊन वळल्या तरी हे म्हणणार, "हळू, हळू! आधी आरसा, मग वळण!" जेवणं झाली, की पोरं जमिनीवर, मोठी माणसं भिंतीला टेकून, आणि मास्तरकाका त्यांच्या दोन हातांच्या रुंद खुर्चीत. मग कोणीतरी हमखास म्हणतं, "काका, ते सांगा ना. अटेन्शन!"

"अरे, दर वर्षी काय तेच?" असं म्हणत काका खुर्चीत पुढे सरकतात. म्हणजे गाडी सुरू झाली.

"तर काय झालं, आम्ही सगळे एवढे एवढेसे. ही तर सहा वर्षांची, नाक गळतंय, फ्रॉकला एक खिसा. मी म्हटलं, सैनिक, पाण्याच्या टाकीवर शत्रूचा डोळा आहे! पहारा द्यायचा! ही म्हणते, हो कॅप्टन. खांद्यावर दिला झाडू. म्हटलं, मी हुकूम देईपर्यंत हलायचं नाही. आणि आम्ही निघालो गाडीतून तळ्यावर! होडीत बसलो, आइस्क्रीम खाल्लं, घोड्यावर बसलो, आरामात संध्याकाळी परत आलो. मागच्या अंगणात जाऊन बघतो तर काय..." इथे काका एक श्वास घेतात. मग खुर्चीतून अर्धे उठतात, छाती पुढे, डोळे बटाट्याएवढे, खांद्यावर नसलेला झाडू. "ही बया अजून तिथेच! अटेन्शन! आणि खाली डबकं! टाकीतलं नव्हे बरं का!" एवढं म्हणून ते धपकन खुर्चीत पडतात, पाय वर, आणि घर हसून हसून डोक्यावर घेतलं जातं.

आत्याही हसायची. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून. तेव्हापासून तिला सगळे अटेन्शन म्हणतात. तिच्या लग्नातसुद्धा ती हार घेऊन उभी राहिली तेव्हा मागून आवाज आला होता, "अटेन्शन!" नवरामुलगा दचकून ताठ उभा राहिला. फोटोत अजून तसाच आहे.

आता काका काय गाळतात ते सांगते. गाडीत एक जागा कमी होती. थोरल्या आजोबांनी सांगितलं, पोरांनो, काड्या काढा, आखूड काडी निघेल तो घरी राहील. झाडूच्या काड्या काढल्या. काकांनी आपली काडी पाठीमागे धरून हळूच मूठ उघडली. पाठीमागे कोण आहे हे त्यांनी पाहिलं नाही. पाठीमागे आत्या होती. काडी आखूड होती. सहा वर्षांच्या मुलीला त्यातली लबाडी कुठली कळायला? तिला वाटलं, चला, घरी दादा राहणार, आणि गाडी निघायच्या आधी तो आपल्याला हाक मारणार! म्हणून तर ती पहाऱ्याला एवढ्या आनंदानं उभी राहिली. कॅप्टन येईलच.

कॅप्टननं आत जाऊन मोठ्यांना सांगितलं, तिचं पोट दुखतंय, ती नको म्हणते. बरोबर अजून दोन भावंडं होती, त्यातले एक आमचे बाबा. दोघंही गप्प. संध्याकाळी आत्याला ओला फ्रॉक बदलायच्या आधी चमचाभर कडू औषध मिळालं, पोटदुखीसाठी. आणि बाकीच्यांच्या ओठांवर आइस्क्रीमचा गुलाबी रंग अजून होता. हा रंग ती अजून सांगते. सोफ्याला कोणी गुलाबी कापड आणलं, की "दुसरं बघा" म्हणते.

तरी तिनं एवढी वर्षं काढली. हसली, वाढलं, जेवली, घरी गेली. पण गेल्या सुट्टीत तिची नात आली होती, चार वर्षांची. काकांची गोष्ट संपली तशी ती पोर उठली, कोपऱ्यातला झाडू खांद्यावर घेतला आणि ताठ उभी राहिली. घर फुटलं हसून. काका टाळी वाजवून म्हणाले, "वा! आली, आली! छोटी अटेन्शन!" मग दोन दिवस सगळे त्या पोरीला त्याच नावानं हाक मारत होते, आणि तीही ओ देत होती.

त्या दिवशी आत्या हसली नाही. घरी जाताना बसमध्ये ती मला म्हणाली, "ती काडी आखूड होती आणि ती त्याची होती, हे त्यानं त्याच्या तोंडानं सगळ्यांच्या पुढे म्हणेपर्यंत मी त्याला सोडणार नाही." एका दमात. पूर्ण वाक्य.

आणि मासा आपण होऊन गळाला लागला. यंदा सुट्टीच्या आधी काकांनी स्वतः ती खुर्ची टेम्पोत घालून दुकानात आणली. "अगं, पार बसली बघ. मस्त रेक्झिन लाव, चकाचक. सुट्टीच्या आत हवी. आणि हो, अटेन्शनमध्ये शिव हं!" स्वतःच्या विनोदावर स्वतःच हॉर्न वाजवल्यासारखे हसले.

"हं," आत्या म्हणाली. "ठेव तिकडे."

रेक्झिनमधून हवा जात नाही. म्हणून गादीच्या मागच्या अंगाला हवा जायला बारीक भोकं ठेवतात. आत्यानं ती ठेवली नाहीत. नवा जाड फोम घातला, चारी बाजूंनी गच्च शिवलं, आणि मागच्या शिवणीत फक्त करंगळीच्या नखाएवढी फट सोडली. मग शटर खाली ओढलं आणि तालीम सुरू केली. खुर्चीतून अर्धं उठायचं, डोळे बटाट्याएवढे, "ही बया अजून तिथेच!" आणि धपकन मागे. काकांची इतकी हुबेहूब नक्कल मलासुद्धा जमत नाही. एवढी वर्षं ती समोर बसून नुसती हसत नव्हती, माप घेत होती. पहिल्यांदा खुर्चीनं नुसती शिट्टी मारली. आत्यानं मान हलवली, एक टाका उसवला. पुन्हा धपकन. आता कोणीतरी नाक शिंकरल्यासारखं झालं. अजून एक टाका. आणि तिसऱ्यांदा जो आवाज आला, तो कुठल्या आवाजासारखा होता हे लिहायची गरज नाही. लांब, ओला, शेवटी वर जाणारा. जणू खुर्ची काहीतरी विचारते आहे.

"बास," आत्या म्हणाली. हळू बसलं, तर खुर्ची नुसता सुस्कारा सोडायची. म्हणून काकांना घरी नेताना काही कळलं नाही.

सुट्टी लागली. जेवणं झाली. पोरं जमिनीवर, मोठे भिंतीला. आत्यानं नातीला मांडीवर घेतलं होतं. "काका, अटेन्शन!" काकांनी टाकी आणली, झाडू आणला, तळं आणलं, होडी आणली. श्वास घेतला. अर्धे उठले. "ही बया अजून तिथेच! अटेन्शन! आणि खाली डबकं!" धपकन.

खुर्चीनं विचारलं.

माझा एक चुलतभाऊ जमिनीवर आडवा झाला. काकूंनी पदर तोंडात कोंबला. नात आत्याच्या मांडीवरून अत्यंत काळजीनं म्हणाली, "काकाआजोबा, शू की शी?"

काकांचा चेहरा टोमॅटो झाला. "खुर्ची! खुर्ची आहे ती!" म्हणत त्यांनी पुराव्यासाठी पुन्हा उठून नीट बसून दाखवलं. नीट बसल्यावर खुर्चीनं नुसता सुस्कारा सोडला. तीच चूक झाली. आधी निदान संशयाला जागा होती.

त्यानंतर दोन दिवस पोरांनी काकांना सुखानं टेकू दिलं नाही. "काका, अटेन्शन सांगा ना!" आता ती गोष्ट कोणाला हवी होती? काकांनी उभं राहून सांगून पाहिली, पण पडायला जागा नसली की ती गोष्ट उतारावर बंद पडलेल्या गाडीसारखी होते. लाकडी स्टुलावर बसून सांगितली, तर ऐन वेळी पोरांच्या घोळक्यातून तोच आवाज आला, शेवटी वर जाणारा, अगदी तंतोतंत. तो कोणी काढला याची चौकशी झाली, पण काही निष्पन्न झालं नाही. शेजारचे गृहस्थ फाटकापाशी काकांना म्हणाले, "काय मास्तर, पोट बरं आहे ना?"

तिसऱ्या दिवशी सकाळी काका स्वयंपाकघरात आले. आत्या आणि मी बटाटे सोलत होतो.

"अगं, जरा त्या खुर्चीचं बघ."

"काय झालं तिला?"

"आवाज करते."

"कसला?"

"आता तुला माहीत आहे कसला."

"तसं नाही समजत, दादा. गिऱ्हाइकानं आवाज काढून दाखवला, की दोष कुठे आहे ते कळतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बटाट्याकडे पाहिलं. मग गाडी शिकवायच्या शाळेच्या मालकांनी, सगळ्या भावंडांत थोरल्यांनी, ओठ मिटून गाल फुगवून तो आवाज काढला.

"शेवट वर जातो की खाली?" आत्यानं विचारलं.

"वर," काका म्हणाले, पडेल आवाजात.

आत्यानं सुरी खाली ठेवली. "आखूड काडी कोणाची होती, ते आज चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांग. पोट कोणाचं दुखत नव्हतं, तेही सांग. मग मी खुर्ची बघीन."

"अगं, एवढीशी पोरं होतो आपण! तू अजून ते धरून बसलीस?"

"मी बसले नव्हते, दादा. उभी होते."

काका निघून गेले. पण चहाला ते बोलणार हे दिसत होतं. आत्याला म्हटलं, "ते एकदा बोलले ना, की तुझा राग पाघळणार बघ. लगेच सुई घेऊन भोकं पाडायला बसशील."

"पैज?" आत्या म्हणाली. "एकदा ऐकून माझं पोट भरायचं नाही. हरेल त्यानं संध्याकाळची सगळी भांडी घासायची. एकट्यानं."

घरात एवढी माणसं होती, तरी मी हात पुढे केला. माणूस ओळखायची मला घमेंड होती.

चहाच्या वेळी काका भिंतीपाशी उभे राहिले. कप हातात, नजर कपात. "म्हणजे... तेव्हा काड्या काढल्या होत्या. आखूड काडी माझी निघाली होती. मी घरी राहायला हवं होतं. हिला मी पहाऱ्याला लावलं आणि आत सांगितलं, पोट दुखतंय."

कोणी हसलं नाही. आमचे बाबा छताकडे पाहू लागले, जणू तिथे काही लिहिलेलं होतं. काकू नवऱ्याकडे अशा पाहत होत्या, की रात्री त्या घरात अजून एक सुनावणी होणार हे स्पष्ट झालं. काकांच्या मुलानं त्यांना विचारलं, "म्हणजे बाबा, तुम्ही चीटिंग केलंत?" काकांनी मान डोलावली. इतका मोठा माणूस इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता. मलाच गलबलून आलं. मी आत्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. मनात म्हटलं, जिंकले.

आत्यानं नातीला मांडीवर नीट बसवलं, पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "दादा, मागच्यांना नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांग. जरा मोठ्यानं. आणि ते आइस्क्रीमचं राहिलं."

काकांनी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं, आइस्क्रीमसकट.

"आणि औषधाचं," आत्या म्हणाली.

त्यांनी औषधाचंही सांगितलं. मग अगदी केविलवाणं होऊन विचारलं, "आता खुर्ची?"

"हं," आत्या म्हणाली. ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून. "पुढच्या सुट्टीत बघते. तोवर पाठ कर. पुढच्या वेळी कपात बघून सांगायचं नाही."

संध्याकाळी मी बाह्या वर केल्या. मोरीत ताटांचा डोंगर झाला होता. तळाला लागलेलं सगळ्यात मोठं पातेलं आत्यानं स्वतः आणून माझ्यापुढे ठेवलं.