खिडकीएवढा सिनेमा

"काका, चित्र एवढंसंच का दिसतंय?" सुलभाताईंनी खालच्या रांगेतून विचारलं. मीही तेच बघत होतो. ऐरोलीच्या त्या सभागृहाचा एवढा मोठा पडदा, आणि सिनेमा डाव्या कोपऱ्यात, खिडकीएवढा. बाकी सगळं पांढरं.

मी ऑपरेटर. म्हणजे प्रेक्षकांच्या पाठीमागे केबिनमध्ये बसून सिनेमा दाखवणारा. हल्ली रिळं नसतात, सिनेमा हार्ड डिस्कवर येतो. शोच्या आधी तो थोडा चालवून चित्र आणि आवाज बघायचा, त्याला आम्ही टेस्ट म्हणतो. दुपार होती. संध्याकाळी फेस्टिव्हलमध्ये हाच शो होता.

मूळ एक ग्राफिक नॉव्हेल, चित्रांतून सांगितलेली कादंबरी. मिठागरावर एकटी उरलेल्या बाईची. तिच्यावरचा सिनेमा देशोदेशी नावाजला गेलेला. तो आपल्याकडे यावा म्हणून फेस्टिव्हलच्या सुलभाताई वर्षभर मेल पाठवत होत्या. त्यांचं पुस्तक सोसायट्यांमधून फिरून फिरून मऊ झालं होतं. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांना विचारायची, "तुमचं वाचून झालं का?" मी ते उघडलंही नव्हतं, त्याबद्दल नुसतं ऐकलं होतं. तरी खाडीकडून वारा आला की मला उगाच त्या बाईची आठवण यायची.

पण काम ते काम. पडद्याची मोकळी जागा दिसली की ऑपरेटरला चैन पडत नाही. मी झूम करून चित्र पडदाभर पसरवलं. बाईचं कपाळ पडद्याच्या वर गेलं, पाय खाली गेले.

"कॉपी खराब आहे," मी केबिनच्या खिडकीतून सांगितलं.

फेस्टिव्हलचे अध्यक्ष खाली ताईंच्या शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "मग टेन्शन कशाला? तो कॉमेडी पिक्चर आहे ना आपल्याकडे, तो लावून टाका. लोकांना काय, एसी मिळाला की झालं."

सुलभाताईंचा चेहरा इतका पडला की मला माझे शब्द परत घ्यावेसे वाटले. त्या पुस्तक घेऊन वर केबिनमध्ये आल्या. "झूम काढा. पहिल्यापासून लावा."

पुस्तकाच्या पानावर कोपऱ्यात एक चौकट, चौकटीत बाई, बाकी पान कोरं. पडद्यावर तेच. पुढच्या पानावर चौकट आणखी लहान. पडद्यावरही. नवरा गेल्यापासून तिच्याभोवती नुसतं मीठ वाढत होतं. त्या पांढऱ्यातून ती सावकाश चालत होती, आणि आपणही चपला काढून तिच्या मागून जावं असं मला वाटत होतं. ताई पान उलटताहेत की पडदा, तेच कळेना.

"कॉपी चांगली आहे," मी शेवटी म्हणालो.

"अहो, लोक ओरडतील," अध्यक्ष खालून म्हणाले. "निदान आधी अनाउन्समेंट करा, की हे असंच आहे म्हणून."

"नको. आधी सांगितलं तर ते पांढरं कुणाला जाणवणारच नाही," ताई म्हणाल्या.

"आणि ओरडले तर?"

"तर पुढच्या वर्षीपासून सिनेमे तुम्ही निवडा."

संध्याकाळी सभागृह भरलं. सिनेमा सुरू झाला, चौकट लहान होत गेली. झूमच्या बटणापासून मी हात लांब ठेवला होता.

"ओ ऑपरेटर!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. मी केबिनच्या खिडकीतून वाकून पाहिलं.

त्याच्या शेजारी जवळच्याच तळवली गावच्या एक आजी बसल्या होत्या. "गप बस रं," त्या म्हणाल्या. "तिच्याजवल आता कोनी नाय, म्हनून तसा हाय."

पुन्हा कुणी ओरडलं नाही. सिनेमा कधी संपला कळलं नाही. दिवे लावायचं काम माझं होतं, मी ते साफ विसरलो, आणि कुणी उठलंही नाही. अध्यक्षच केबिनच्या दारात आले. "अहो, दिवे," ते म्हणाले. बटण मात्र त्यांनीही दाबलं नाही.

कॉपी खराब ठरवण्याआधी मी आता मूळ पुस्तक मागून घेतो. आणि असा सिनेमा असला की दिव्यांचं बटण दुसऱ्या कुणाकडे देतो.