दोन भावांचं पाणी

माझ्या नवऱ्याला माझ्यापेक्षा आरशानेच जास्त पाहिलंय. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी हे चिडून म्हणायचे आणि तो खूश व्हायचा. रहाटणीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक आरसा कपाटाला होता, एक बाथरूममध्ये, आणि तिसरा त्याने हॉलमध्ये टीव्हीच्या जागी बसवून घेतला होता, जमिनीपासून पार वरपर्यंत. टीव्ही स्वयंपाकघरात गेला. पाहुणे आले की स्वतःकडे बघत चहा प्यायचे.

आम्ही दोघंही बीड जिल्ह्यातले. तो चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, मी शाळेत गणित शिकवते. स्थळ आलं तेव्हा मामा म्हणाले, मुलगा पर्मनंट आहे, निर्व्यसनी आहे आणि तिकडचा श्री आहे. श्री म्हणजे शरीरसौष्ठव स्पर्धेतला पहिला, हे मला फोटो बघून कळलं. फोटोत तो नुसत्या चड्डीवर होता. आईने फोटो पालथा घातला. ती चहा टाकायला गेल्यावर मी तो परत सुलटा केला.

लग्नानंतर महिन्याभरात तो मला त्याच्या जिममध्ये घेऊन गेला, देवदर्शनाला नेतात तसं. जिम एका इमारतीच्या तळघरात होती आणि समोरच्या भिंतीवर जुन्या विजेत्यांचे फोटो होते. सगळ्यात वर काळेपांढरे. ती तालमीतली माणसं, लाल मातीतून उठून सरळ स्टेजवर चढलेली, दूध-भाकरीवर आणि जोर-बैठकांवर वाढलेली. त्यांच्या खाली कारखान्यांच्या जमान्यातले. तेव्हा कंपन्या स्पर्धांसाठी म्हणून अशी पोरं कामावर घ्यायच्या, कॅन्टीनमधून जादा अंडी द्यायच्या, सरावाला सुट्टी द्यायच्या. आणि सगळ्यात खाली रंगीत फोटो, अंगाला तांबूस-काळा रंग फासलेले, एकेक शीर मोजून घ्यावी इतके कोरडे. वरून खाली येता येता माणसं रुंद होत गेली होती. नवरा एकेकाची ओळख करून देत होता. ह्याची पाठ बघ. ह्याच्या मांड्या बघ. ह्याच्यासारखं पोट पुन्हा झालं नाही.

खालच्या ओळीतल्या फोटोंना हार फार होते. वरच्यांना असणारच, ते म्हातारे होऊन गेले असतील. पण हे माझ्या नवऱ्याच्या वयाचे होते. मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. हा दारू प्यायचा. हा धंद्यात बुडाला, टेन्शन घेतलं. ह्याच्या घराण्यातच हार्टचा त्रास होता. ह्याने कुणाचं तरी ऐकून भलत्या सुया घेतल्या. प्रत्येक हाराला वेगळं कारण होतं, आणि एकाही कारणाचा त्या जिमशी संबंध नव्हता. मी गणिताची बाई, मला तिथेच खटकायला हवं होतं. पण नवं लग्न होतं, मला त्या माणसाचं सगळंच पटत होतं.

स्टेजवर जायचं तर कातडी कागदासारखी पातळ दिसावी लागते. त्यासाठी शेवटच्या आठवड्यात मीठ बंद करतात, मग पाणी कमी करत करत बंद करतात, वर पाणी काढायच्या गोळ्या घेतात. वर्षभर कसल्या कसल्या सुयांचा कोर्स असतो तो वेगळाच. जिमच्या सरांनी दिलं की ते औषध, दुसऱ्याने दिलं की ते विष, असा तिथला हिशोब. मी एकदा फारच भांडले तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, सगळेच घेतात." मला शाळेतली पोरं आठवली. तीही असंच सांगतात.

मग कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्याचं क्रिएटिनिन वाढलेलं आलं, म्हणजे किडन्या रक्त नीट गाळत नसाव्यात. मी घाबरले. त्याने रिपोर्ट सरांना दाखवला. सर हसले. म्हणाले, "मसल जास्त तर क्रिएटिनिन जास्त. कंपनीच्या डॉक्टरला काय कळतंय? त्याला पोट सुटलेल्यांचे रिपोर्ट बघायची सवय." यात थोडं तथ्य आहे हे मला पुढे किडनीच्या डॉक्टरांनीच सांगितलं. साफ खोटं असतं तर आम्ही वेळेवर शहाणे झालो असतो. तो रिपोर्ट जिममध्ये हातोहात फिरला. तुझं किती आलं, माझं एवढं आलं, असं दंडाचं माप सांगावं तसं पोरं एकमेकांना क्रिएटिनिन सांगू लागली. माझ्या नवऱ्याचं सगळ्यांत जास्त होतं. तो पेढे घेऊन घरी आला. मी तो पेढा खाल्ला.

पुढे पाय सुजायला लागले. जिममध्ये म्हणाले, पाणी धरलंय अंगाने. मग पाणी काढायच्या गोळ्या वाढल्या. वर्षभरानंतर एका सकाळी त्याला बुटात पाय घालता येईना, दोन पायऱ्या चढला की धाप लागायला लागली, तेव्हा मी त्याला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी बघितली आणि मला आधी खुर्ची दिली. दोन्ही किडन्या आक्रसल्या होत्या.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यासाठी डाव्या हातातली एक शीर ऑपरेशन करून धमनीला जोडली आहे, म्हणजे तिच्यातून जोरात रक्त वाहतं आणि जाड सुया टोचता येतात. ती शीर फुगत फुगत मनगटापासून दंडापर्यंत करंगळीएवढी झाली. हात लावला की आतून थरथरते. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही, घट्ट बाही घालायची नाही. जिममध्ये त्याने पाठीचं दुखणं सांगितलं. खरं काय ते कुणाला कळता कामा नये, अशी त्याने मला शपथ घातली. मला त्या शपथेचा राग यायचा, पण मी ती पाळली.

आमच्या मदतीला गावाकडून त्याचा धाकटा भाऊ आला. चाकणलाच एका कंपनीत ठेकेदाराकडे लागला, शिफ्ट बदलून घेऊन तीनही दिवस भावाला डायलिसिसला न्यायचा. हा दीर म्हणजे लाख माणूस, मी आजही तेच म्हणेन. भाऊ आत असला की तो बाहेर बाकावर चार तास बसून राहायचा. आणि तिथून घरी सोडून थेट जिमला जायचा, त्याच तळघरात, त्याच सरांकडे.

"भावजी, तुमचे डोळे फुटलेत का?" मी एकदा विचारलं.

"वहिनी, दादाचं प्रमाण चुकलं," तो शांतपणे म्हणाला. "मी सगळं मोजून घेतो."

भिंतीवर अजून एक कारण तयार झालं होतं, ते माझ्या घरातलं होतं, आणि माझा नवरा अजून जिवंत होता.

या वर्षी दीर स्पर्धेत उतरला. शेवटच्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघराचा जो काही खेळ झाला तो मी जन्मात विसरणार नाही. नवऱ्याला मीठ बंद, दिराला मीठ बंद. नवऱ्याला अंड्याचा पांढरा बलक, कारण डायलिसिसमध्ये प्रथिनं निघून जातात. दिराला अंड्याचा पांढरा बलक, कारण स्पर्धा. एकाच पातेल्यात दोघांची अळणी भाजी. ओट्यावर दोन बाटल्या, दोघांचं दिवसाचं पाणी मोजून भरलेलं. एकाच्या किडन्या गेल्या म्हणून कमी, दुसऱ्याला कोरडं दिसायचं म्हणून कमी. संध्याकाळी दोघं भाऊ हॉलमध्ये आरशासमोर बसून बर्फाचा एकेक खडा चोखायचे. ओठ दोघांचे सारखेच फुटलेले. शुक्रवारी दिराची बाटली नवऱ्याच्या बाटलीपेक्षाही कमी भरली, तेव्हा माझा बांध फुटला. मी भांडी आपटली, रडले, नको ते बोलले. नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही सांगा त्याला. माझं तो ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

नवऱ्याने बर्फाची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "उद्या माझा सत्कार आहे स्टेजवर. माईक देतात. तिथेच बोलतो. त्यालाही ऐकू जाईल, बाकीच्यांनाही."

"सगळं?"

"सगळं."

मला त्या रात्री कित्येक महिन्यांनी झोप लागली.

स्पर्धा भोसरीकडच्या एका मैदानावर होती, कुणा भाऊंच्या वाढदिवसानिमित्त. भाऊंचे हात जोडलेले फ्लेक्स दिघीपासून लागले होते. डीजे, झगझगीत दिवे, पुढे सोफे, मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. बायका मोजक्याच होत्या, आम्हाला एका बाजूला बसवलं होतं. वजनी गट एकेक करून होत गेले. दीर आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. रंगात बुडवून काढलेला, गाल आत गेलेले, आणि मान, छाती, पोट सगळं दोरखंडांसारखं. तो हसत होता. स्टेजवर हसावंच लागतं. पोझ धरताना त्याचा एक पाय लटपटला, तो मला दिसला, परीक्षकांना दिसला नसावा. त्याच्या गटात तो पहिला आला.

पदक द्यायला माजी श्री म्हणून माझ्या नवऱ्याला बोलावलं. त्याने भावाच्या गळ्यात पदक घातलं, मग त्याची शाल झाली, श्रीफळ झालं, निवेदकाने हातात माईक दिला. मी खुर्चीच्या कडेला येऊन बसले.

"मित्रांनो," नवरा म्हणाला, आणि थांबला.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "एक पोझ होऊन जाऊ द्या, श्री!" मग सगळेच ओरडायला लागले. पोझ! पोझ! डीजेवाल्याने ताल धरला. नवऱ्याने माझ्या बाजूला पाहिलं, दिव्यांमुळे मी त्याला दिसले की नाही ते मला माहीत नाही. त्याने माईक निवेदकाला परत दिला. शाल काढली. उजवा हात काडीसारखा झालाय, तो त्याने पाठीमागे धरला. डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत सारली, मूठ आवळली आणि हात वर घेतला.

ती शीर दिव्यांत चमकली.

मैदान उसळलं. "शीर बघ, शीर बघ भावा!" "अरे काय व्हेन आहे राव, पाईप आहे पाईप!" शेकडो मोबाईल वर झाले. माझ्या शेजारच्या बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "अजूनसुद्धा केवढं मेंटेन केलंय हो तुमच्या मिस्टरांनी!" शपथ गेली खड्ड्यात, मी सांगून टाकलं, "डायलिसिसची शीर आहे ती. त्यांच्या किडन्या गेल्यात." बाईंनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा स्टेजकडे बघितलं, आणि त्यांच्या टाळ्या काही थांबल्या नाहीत.

आणि माझा दीर, ज्याने त्या हातात सुया जाताना बघितल्या आहेत, सुई काढल्यावर रक्त थांबेपर्यंत त्या शिरेवर स्वतः बोट दाबून धरलं आहे, त्याने भावाचं मनगट धरलं आणि तो हात आणखी वर उचलला. सगळ्यांना दिसावा म्हणून. दोघंही हसत होते. पदक दिराच्या गळ्यात होतं, तरी टाळ्या त्या हाताला होत्या.

परत येताना दीर गाडी चालवत होता. मी मागे बसले होते. नाशिक फाट्याला मी विचारलंच.

"का नाही बोललात?"

नवरा खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "तिथे तेवढा वेळ मी आजारी नव्हतो गं."

मला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही करता आलं नाही, मधे सीट होती.

घरी आल्यावर दिराने पहिल्यांदा पाण्याची कळशी गाठली. तांब्याने पीत होता, रंग उतरून पाणी छातीवरून तपकिरी होऊन सांडत होतं. नवरा खुर्चीत बसून त्याच्या गळ्याकडे बघत होता. घोट वर-खाली होत होता तसे याचे डोळे वर-खाली होत होते. त्याचं त्या दिवसाचं पाणी दुपारीच संपलं होतं. माझ्याच्याने ते बघवेना. मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"आता इथे कुणी नाही," मी म्हणाले. "माईक नाही, पोरं नाहीत. आता सांगा त्याला."

दिराने तांब्या खाली ठेवला. "काय दादा? काय सांगायचंय?"

नवऱ्याने त्याला नखशिखांत न्याहाळलं. त्या नजरेत किती माया होती ते मला शब्दांत सांगता येणार नाही. मला वाटलं, आता बोलतोय.

"मांड्यांच्या मागची बाजू कमी पडली तुझी," तो म्हणाला. "राज्याच्या स्पर्धेला हे चालणार नाही. उभा राहा, आरशात दाखवतो."

दीर ओल्या अंगाने आरशासमोर जाऊन पाठमोरा उभा राहिला. नवरा माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठला आणि त्याच्या मागे जाऊन कुठे काय वाढवायचं ते बोटाने दाखवू लागला.