खालचा पाइप

"जगातले सगळे बिघाड पाण्याच्या वाटेवर होतात."

हे वाक्य ते डोळे मिटून आणि एक हात पुढे करून म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ते वहीत टिपून घेतलं. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असल्या वाक्यांचा मोह होतोच. नंतर लक्षात आलं की पुढे केलेला हात रेडिएटरच्या खालच्या पाइपवर होता, आणि ते फक्त त्या पाइपबद्दल बोलत होते.

ते नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. आमच्या शाळेला पन्नास वर्षं होत होती आणि एका माजी विद्यार्थ्याने लष्कराच्या लिलावातली जुनी जीप भेट दिली होती. सोहळ्याच्या दिवशी शाळा समितीच्या अध्यक्षांनी तिच्यात उभं राहून मिरवणुकीत हात हलवावा, असा ठराव झाला. जीप चालत नव्हती, हे ठराव झाल्यावर लक्षात आलं. मग आमच्या शिपायाने यांना आणलं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पाइप बसवला की ते मुठीत धरून दाबत, वैद्याने नाडी पाहावी तसे थांबत, आणि कुणी बोललं तर म्हणत, "थांबा ना सर, ते बोलून राहिली." ती काय बोलते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. महिनाभरात त्यांनी रेडिएटर धुतला, वॉटर पंप उघडून बसवला, सगळे पाइप नि क्लिपा बदलल्या. पंपाच्या कडेने एक थेंब मात्र पडत राहिला. मी तो दाखवला.

"गळू द्या. गळते म्हणजे आत पाणी हाय. गळणं बंद झालं का मंग घाबरायचं."

सोहळ्याच्या चार दिवस आधी ते शाळाभर काहीतरी शोधत फिरू लागले.

"स्प्रिंग कोनं नेली गा?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"कोणती स्प्रिंग?"

"जुन्या पाइपात होती ते. बजारात भेटत नाही आता."

मला त्यांनी समजावलं. म्हणजे दोन्ही गाल आत ओढून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, दाढ दुखते आहे.

"असं होते सर. गाडी पळाली का इंजिन खालून पाणी ओढते. आत स्प्रिंग नसली का पाइप चिपकते. मंग पाणी जाईन कुठून?"

"पण आता तर छान चालू आहे."

"उभ्यानं ठीकच राहीन ना! पळवायची हाय का उभी ठेवायची हाय?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. अध्यक्षांपर्यंत तो गेला, तेव्हा ते म्हणाले, "एका स्प्रिंगसाठी पाहुण्यांची तारीख बदलू काय?"

मिरवणूक निघाली. महाल भागातल्या पहिल्या चौकापर्यंत अध्यक्ष हात हलवत होते. नंतर बॉनेटमधून वाफ निघाली आणि ते हात हलवत आहेत की वाफ हटवत आहेत, हे लोकांना कळेना. टाळ्या मात्र पडल्या. जीप ढकलत परत आणली. फिटर मागून चालत होते, मान खाली घालून.

संध्याकाळी ते शाळेच्या प्रदर्शनात शिरले. तिथे जीपचे काढलेले जुने भाग काचेच्या कपाटात मांडले होते. एका गंजक्या स्प्रिंगखाली सुंदर अक्षरात चिठ्ठी होती: 'अज्ञात अवशेष.' अक्षर माझं होतं. जुन्या पाइपातून ती मीच उपसून काढली होती, आणि ते शोधत होते ती स्प्रिंग हीच, हे चार दिवस माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ते रागावतील असं वाटलं. ते बराच वेळ हसले. "सर, तुमी त तिले देवच करून टाकलं!"

दुसऱ्या दिवशी स्प्रिंग पाइपात गेली आणि जीपने मैदानाला सात चकरा मारल्या. थेंब सोडला तर काही नाही. ते शेजारच्या सीटवर हात ठोकत म्हणाले, "बसा ना सर!" मी बसलो. इतका आनंदी माणूस मी कुठल्याही सोहळ्यात पाहिलेला नाही.

पण आदल्याच रात्री ठराव झाला होता. जीप फाटकाशी चौथऱ्यावर कायमस्वरूपी उभी करावी.

"आता त पळते ना सर. सांगा न त्यायले."

मी सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "नोंद झाली आहे." नोंद मीच केली होती; समितीच्या सभांचं इतिवृत्त माझ्याकडे असे. फिटरना येऊन तसं सांगितलं.

"कायम म्हणजे किती दिवस, सर?"

मी ठराव पुन्हा वाचून पाहिला.

जीप चौथऱ्यावर चढली. आणि एक कोडं सुरू झालं. महिने गेले तरी तिच्याखाली दर सोमवारी ओल असे. न चालणाऱ्या गाडीत पाणी येतं कुठून? अध्यक्षांनी फरशीच्या डागांबद्दल दोनदा नाराजी नोंदवली. एका रविवारी सकाळी मी मुद्दाम गेलो. फिटर पाण्याची कॅन घेऊन चौथऱ्यावर चढलेले. रेडिएटर भरून त्यांनी पुढचं हँडल दहाबारा वेळा हाताने फिरवलं.

"कशाला करता हे? ती आता कुठे जाणार आहे?"

"रबर सुकते ना सर. सुकलं का भेगा पडते. उद्या कोणाले चालवा वाटलं त?"

एप्रिलच्या शेवटी फरशी कोरडी दिसली. नागपूरचा उन्हाळा, मला वाटलं वाळत असेल. मेमध्ये समितीने जीपला नवा रंग दिला. जूनमध्येही फरशी कोरडीच होती, तेव्हा फिटरना फोन केला. सुनेने उचलला. "बाबा गेले न जी. दोन महिने झाले."

पुढच्या रविवारी मी कॅन घेऊन चौथऱ्यावर चढलो. रेडिएटरचं झाकण कुठल्या बाजूला फिरतं ते मला कळेना. दोन्हीकडे फिरवून पाहिलं. कॅन तशीच घरी आणली.

जुलैच्या सभेच्या इतिवृत्तात सहावा विषय असा आहे: 'जीपखालील गळती पूर्णपणे थांबल्याबद्दल समितीने समाधान व्यक्त केले व रंगकाम करणाऱ्यांचे आभार मानले.' अक्षर माझं आहे.