दहा हजार सात

शेजारच्या टेबलावरचे एक कारकून बसचं तिकीटही त्यावरचा क्रमांक भागून पाहिल्याशिवाय फेकत नसत. हैदराबाद राज्याची तीन तुकड्यांत वाटणी ठरली आणि कोठी भागातली आमची सगळी कचेरी बदलीच्या धास्तीनं वाळली. हे गृहस्थ मात्र निवांत, कारण त्यांचा नोकरीचा क्रमांक होता १०००७.

“मूळ संख्या आहे! कुणाचाच भाग जात नाही. मला कोण हलवतो?”

माझा क्रमांक १०००८.

“दोन, तीन, चार, सहा, आठ, नऊ... तुम्हाला कुणीही भागावं. बिस्तर बांधा, मियाँ!”

यादी लागली. मी हैदराबादेतच राहिलो आणि त्यांना मुंबई मिळाली. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या हुकमाचा क्रमांक सातानं, अकरानं भागून पाहिला. बाकी उरली तसे खूश झाले.

मग ते एकटेच गेले. बायको-मुली इथंच, चिक्कडपल्लीत राहिल्या. घराला भाग गेला, तो दोनानं.