मानसिंग हवालदाराचं करवती मशीन

मानसिंग हवालदाराला निवांत बसता म्हणून येत नसे. जेवतानाही एक गुडघा उभा, कुणी हाक मारली की उठून पळायचं असल्यागत. सतरा वर्षं इंजिनियर पलटणीत पूल बांधण्यात आणि झाडं पाडण्यात गेली. पेन्शन घेऊन शिराळ्याजवळच्या आपल्या वाडीला परतला, तरी अंगातली पळापळ काही उतरली नव्हती. शेती धाकट्या भावाच्या हातात नीट चाललेली. हा तिथं लुडबुड करायला गेला की भाऊ अदबीनं म्हणायचा, "आवं दादा, तुमी सावलीला बसा." आता सावलीला बसणं ही ज्याला शिक्षा वाटते, त्याला असं सांगण्यात काय शहाणपण?

म्हणून त्यानं खडकीच्या लष्करी लिलावातून एक जुनं मशीन उचलून आणलं. पेट्रोलवर चालणारं, दातेरी साखळीनं लाकूड कापणारं. आसपासच्या दहा गावांत असलं दुसरं नव्हतं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं आणि म्हातारी माणसं कट्ट्यावरून उठून घरात गेली. पण दोन गड्यांचं दिवसभराचं काम ते घटकाभरात उरकी. मानसिंगनं बायकोला, तानुबाईला, छातीठोकपणे सांगून टाकलं, "आता ह्येच्यावरच जगायचं. गाव सोडून कुटं न्हाई जायाचं."

त्या दिवशी सण नसताना तानुबाईनं पुरणपोळ्या केल्या. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि नवरा वर्षातून दोन महिने रजेवर यायचा. सगळी रजा जोडली तरी जेमतेम तीस महिन्यांचा संसार. बाकीची वर्षं तिनं पोस्टमनच्या सायकलची घंटी ऐकण्यात काढली होती.

चौऱ्याहत्तर सालच्या खंडेनवमीला तिनं घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडली. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि शेवटी नवऱ्याचं मशीन. ते आडवं ठेवलं की पेट्रोलच्या टाकीचं गोल झाकण वर येई. तानुबाईला ते कपाळच वाटलं. तिनं हळदकुंकू पाण्यात कालवून तिथं चांगलं ठसठशीत लावलं आणि हात जोडले.

दसरा झाला आणि मशीन बिघडलं.

बिघाडही कसला, तर धड बंदही पडेना. दोरी ओढली की गुरगुरत सुरू व्हायचं, पाच मिनिटं झकास कापायचं, मग आचके देऊन थांबायचं. मानसिंग वैतागून झाकण उघडायचा, पेट्रोल तर असायचं. झाकण लावून, दोरी ओढून पाहिलं की पुन्हा सुरू, आणि पुन्हा पाच मिनिटांत गप्प. एकदाचं कायमचं बंद पडतं तर माणूस नाद सोडून मोकळा होतो. हे मात्र रोज आशा लावून छळत होतं.

त्यात नानासोंचं काम अंगावर आलं. नानासो म्हणजे वाडीतले मोठे ऊसवाले. परतीच्या पावसात त्यांच्या गुऱ्हाळावर आंब्याचं जुनं झाड आडवं झालं होतं, आणि गुऱ्हाळ सुरू करायचे दिवस तोंडावर आलेले. नानासो म्हणाले, "हवालदार, रविवारपातूर झाड मोकळं करा. न्हाईतर मी दुसरी मानसं आनतो. आन तुमी करून दावलं, तर चार गावं तुमालाच बोलवत्याली बगा."

आणि त्याच आठवड्यात जुन्या सुभेदारांचं पत्र आलं. पुण्याच्या एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याची जागा होती. सोमवारी सकाळी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. मानसिंगनं पत्र भिंतीतल्या देवळीत ठेवलं. येता-जाता दोघांची नजर त्यावर जायची.

मानसिंगची झोप गेली. प्लग काढून घासला. कुणी पेट्रोलमध्ये रॉकेल तर मिसळलं नाही ना, म्हणून नवं आणून धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळलं. तेलाचं माप कमी करून पाहिलं, वाढवून पाहिलं. टाकीतल्या नळीची जाळी धुतली. कार्बोरेटर चादरीवर सुटा करून पुन्हा जुळवला. शेवटी मशीन खांद्यावर टाकून सांगली गाठली. तिथल्या मिस्त्रीनं तीन मिनिटं चालवलं, बंद केलं आणि म्हणाला, "ह्येला काय झालंय रं? घोड्यागत पळतंय की!"

पलटणीची सवय, रोज संध्याकाळी तो मशीन फडक्यानं लखलखीत करायचा. कुंकवाला तेवढा हात लावायचा नाही. देवाचं लेणं पुसायचं कसं? आणि तानुबाई रोज पहाटे त्यावर ताजं बोट ओढायची. ते त्याला दिसत होतं, आणि बरंही वाटत होतं.

रविवार उजाडला. लष्करी ट्रंक भरून तयार होती. दुपारी दोनची एस.टी. पकडली तरच सोमवारी पुणं गाठता येणार होतं. मानसिंग ट्रंक घेऊनच गुऱ्हाळावर आला. सकाळपासून मशीन अकरा वेळा थांबलं. निम्मासुद्धा बुंधा कापून झाला नव्हता. नानासो जवळ येऊन हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, हवालदार. तुमी लय केलं."

मानसिंगनं मशीन खाली ठेवलं आणि तो ट्रंकेवर बसला. दोन्ही हात मांडीवर, मान खाली. भाकरी घेऊन आलेली तानुबाई ते बघून जागीच थबकली. या माणसाला असं बसलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"आवं, झाकान उघडून बगा की."

"पेट्रोल हाय त्यात."

"पेट्रोल नगं बगू. झाकान उघडल्याबिगर त्ये कवा चालू झालंय? आठ दिस मी बगतीया."

मानसिंगनं मान वर केली. झाकण हळू फिरवलं. फुस्स करून टाकीनं वारा आत ओढला. रोज दहादा उघडलं होतं, पण चिडलेल्या माणसाचे कान कुठं जाग्यावर असतात? झाकणाला वारा घ्यायला बारीक भोक असतं, हे त्यानं शेकडो जवानांना शिकवलं होतं. आत वारा गेला नाही तर पेट्रोल खाली उतरणार कसं? त्यानं तानुबाईच्या बांगडीतली पिन मागून घेतली आणि तेलात मुरून मेणासारखं घट्ट झालेलं कुंकू टोकरलं. खाली भोक होतं. त्यानं पिन आरपार घातली.

दोरी ओढली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. टाकी रिकामी होईपर्यंत मशीन थांबलं नाही. बुंधा धाडकन दोन तुकड्यांत पडला आणि नानासोंनी डोक्यावरचा पटका काढून हवेत हलवला.

तानुबाई मात्र मानसिंगनं परत दिलेल्या पिनेच्या टोकाला लागलेला लाल कण बघत उभी होती.

"म्हंजी, मीच तुमास्नी पुन्याला धाडत हुते व्हय?" तिनं विचारलं.

"तू एकलीनंच न्हाई," मानसिंग म्हणाला. "रोज समदं मशीन पुसून तेवढ्याभवती फडकं फिरवत हुतो, त्यो कोन? मीच की." त्यानं तिच्या हातातलं गठुडं घेतलं. "चल, भूक लागलीया."

दोनच्या एस.टी.नं फाट्यावर भोंगा दिला तेव्हा मानसिंग हवालदार आंब्याच्या फांदीखाली मांडी घालून भाकरी खात होता. तानुबाईनं पाहिलं, त्याचे दोन्ही गुडघे जमिनीला टेकलेले होते.